अर्धा इंच माया

नवापुऱ्यात जिन्याखाली माझं मशीन.
वडोदऱ्यातल्या किती छात्यांची मापं
माझ्या वहीत आहेत, पेन्सिलीने.
माझं स्वतःचं कधी लिहिलं नाही,
डावीकडे पाव इंच जास्त धरायचं
हे हाताला पाठ होतं.

एकोणीसची होते तेव्हा सापडली.
न्हाताना, साबणाच्या हाताला.
सुपारीएवढी, बोट लावलं की सरकायची.
डॉक्टर पारेख हसले. म्हणाले,
पळते ती वाईट नसते, बेन,
हटून बसते तिला भ्यायचं.
आई बाहेर बाकावर होती.
येताना तिने मला शेव-उसळ खाऊ घातली,
आणि स्वतः न खाता बघत राहिली.

मग ती माझ्याबरोबरच राहिली.
लग्नात आली.
तिसऱ्या रात्री मी नवऱ्याला सांगितलं,
पाहुणीची ओळख करून द्यावी तसं:
ही साधी आहे.
ऋजुता तिच्या शेजारून दूध प्यायली.
चोवीस वर्षं.
एवढी वर्षं मशीनही टिकलं नाही माझं.

यंदा सुपारीची लिंबू झाली.
पण नवरात्र तोंडावर, चौसष्ट चणिया-चोळ्या बाकी,
पाठीला नुसत्या दोऱ्या, आरसे, कवड्या.
म्हटलं, दसरा होऊ दे.
नऊ रात्री ढोल खिडकीतून आत येत होता
आणि मी हुक लावत होते.

काढल्यावर बरणीतून दाखवली.
पांढुरकी, गुळगुळीत,
कुठे वेडीवाकडी नाही.
खरं सांगते, आवडली मला.

अकराव्या दिवशी रिपोर्ट.
तरुण डॉक्टरीण म्हणाली, गाठ साधीच आहे.
मग पान उलटलं.
साधीच्या पोटात दुसरी होती.
चार मिलिमीटर.
मी घरी येऊन टेपवर बघितलं,
हुकाच्या डोळ्याएवढं.
फार क्वचित होतं असं, ती म्हणाली,
पुस्तकात वाचलं होतं, समोर पहिल्यांदा.
तिच्या आवाजात जरा कुतूहल होतं.
मी रागावले नाही.
नव्या नमुन्याची चोळी आली
की मीही आधी उलटी करून शिवण बघते.

नणंद म्हणाली, अस्तनीतला निखारा गं.
अस्तन्या मी शिवते, मला विचार.
कोण जाणे, तिने त्याला लपवलं
की धरून ठेवलं?
कागदावर एवढंच आहे,
भिंत कुठे फुटली नव्हती.

पुन्हा कापलं. पुन्हा कागद.
कडा स्वच्छ आहेत, डॉक्टरीण म्हणाली.
म्हणजे?
म्हणजे चहूकडून चांगला भाग थोडा जास्त घेतला,
आणि त्याच्या काठावर काही सापडलं नाही.
म्हणजे माया ठेवून कापलं, मी म्हटलं.
तिला कळेना.
मग मी तिला माझ्या ब्लाउजची बाही उलटून दाखवली,
शिवणीच्या आत सोडलेलं ते अर्धा इंच कापड,
बाहेरून दिसत नाही,
अंग भरलं की उसवून वाढवता येतं.
याला तुम्ही माया म्हणता?
हो, दुसरं काय म्हणणार.
तिने फाइलच्या कोपऱ्यात लिहून घेतलं.

आता शेक चालू आहेत, सोमवार ते शुक्रवार.
कातडी इस्त्री लागल्यासारखी झाली आहे.
दुपारी चारनंतर दुकान उघडते.

काल हेतल आली, कॉलेजातली.
टेप डावीकडून नेताना बिचकली.
"काकी, अहीं जरा ढीलुं राखजो.
गांठ छे. सादी छे, डॉक्टरे कह्युं."

टेप तिथेच राहिली.
बहुतेक वेळा साधीच असते,
हे मला म्हणायचं होतं, आणि ते खरंच आहे.
चोवीस वर्षं मीही खरंच बोलत होते.

दाखवतेस का दर वर्षी?
"ना. शुं काम?"

मी वहीत लिहिलं, बत्तीस.
पुढे, डावीकडे सैल.
त्याच्या पुढे तारीख टाकली, जी मी कधी टाकत नाही.
म्हटलं, पुढच्या वर्षी याच सुमाराला
पुन्हा माप द्यायला ये.
कापड नसलं तरी ये.